मेळघाट दूर कसा झाला

अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात, जेथे पूर्णेच्या खोऱ्यातील कपाशीची काळी जमीन संपत येते आणि गावीलगडाच्या नावाने ओळखली जाणारी सातपुड्याची रांग उत्तरेचे सारे क्षितिज व्यापून उभी राहते, तेथे हिवरखेड हे गाव वसले आहे. पूर्वेस अडगाव आणि त्याच्याही पलीकडे अकोट. पश्चिमेकडे वारी भैरवगडापाशी डोंगर सोडून सपाटीवर उतरणारी वान नदी. आणि उत्तरेस, जुन्या पाऊलवाटांनी चढून गेल्यास, मेळघाटातील कोरकूंची गावे. ही गावे सरळ रेषेत मोजली तर हिवरखेडपासून अकोल्याइतकीही लांब नाहीत. तरी सरकारी अहवालात, वर्तमानपत्रात आणि विधिमंडळातील भाषणांत त्यांचा उल्लेख 'अतिदुर्गम' असाच होतो, आणि आपणही तो असा ऐकतो, की सागवान आणि बांबू यांप्रमाणे दुर्गमताही त्या डोंगराची उपजत संपत्तीच असावी. वऱ्हाडच्या इतिहासाची साक्ष निराळी आहे. चार शतके हा डोंगर वऱ्हाडच्या राज्यकारभाराचे मर्मस्थान होता. तो दूर गेला तो गेल्या दोनशे वर्षांत, आणि तोही एकेका लढाईने, एकेका तहाने, एकेका कायद्याने. तो कसा दूर गेला, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम भूमीचे स्वरूप ध्यानात घ्यावे लागते. पायथ्याचा मुलूख समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंच. तेथून डोंगराची दक्षिण कड जवळजवळ सरळ चढत जाते आणि चिखलदऱ्याच्या पठारावर अकराशे मीटरांपर्यंत पोहोचते. या रांगेतील सर्वोच्च स्थान वैराट हे त्याहूनही काहीसे उंच आहे. खाली मृगाच्या पावसाची वाट पाहत भेगाळलेली जमीन पडलेली असताना वर ढग उतरलेले असतात. खाली वैशाखात अंग भाजून काढणारा वारा सुटलेला असताना वर रात्री पांघरूण लागते. कडा चढून गेल्यावर मात्र डोंगर एकाएकी संपत नाही. सिपना, खापरा, खंडू, डोलार आणि गाडगा या नद्यांनी खोदलेल्या दऱ्यांतून तो उत्तरेकडे तापीपर्यंत उतरत जातो. साग, सालई, धावडा, तिवस, मोह आणि बांबू यांच्या या अरण्यात जी खेडी विखुरलेली आहेत, तीच आपल्या कथेची खरी नायिका होत.

या खेड्यांत मुख्य वस्ती कोरकूंची. त्यांच्यासमवेत गोंड, निहाल आणि गुरे राखणारे गवळी. कोरकूंची भाषा मुंडा कुळातील, म्हणजे संथाळी आणि मुंडारी यांची भगिनी. त्या भगिनी पूर्वेकडे झारखंडच्या डोंगरांत राहिल्या आणि हिने मराठी, हिंदी व गोंडी यांच्या वेढ्यात, आपल्या कुळाच्या अगदी पश्चिम टोकाशी, आपले अस्तित्व टिकवले. कोरकूंचे गाव पाहणाऱ्याच्या नजरेत प्रथम भरते ती त्याची रचना: मधून एक रुंद, सरळ, शेणसड्याने स्वच्छ राखलेला रस्ता, आणि त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर तोंडे केलेल्या, एकमेकींना लागून उभ्या असलेल्या घरांच्या दोन ओळी. गावचा पटेल, देवकार्य करणारा भुमका, दुखणेबाणे पाहणारा पडियार, वेशीवरचा मुठवा देव, आणि मृतांच्या स्मरणार्थ कोरून उभे केलेले लाकडी स्तंभ, एवढ्यांवर त्या समाजाचा व्यवहार शतकानुशतके चालत आला. कुटकी, कोदो, सावा ही त्यांची जुनी धान्ये. मोहाची फुले हे अन्नही आणि उत्सवही.

परंतु हे गाव स्वयंपूर्ण होते अशी जी समजूत आहे, ती पुरतेपणी खरी नाही. मीठ डोंगरात पिकत नाही. कापड आणि लोखंड यांसाठीही पायथ्याकडेच पाहावे लागे. उलट मध, डिंक, चारोळी, मोह, बांबू, गवत आणि गवळ्यांचे तूप खाली उतरत असे. जुन्या वाटा या देवघेवीसाठी पडलेल्या होत्या. श्रावणात धारगडच्या गुहेतील महादेवाच्या दर्शनास अकोट आणि तेल्हारा भागातील कुणबी-माळ्यांची जी रीघ लागते, तीही त्याच वाटांनी चढते; आणि देवदर्शनाच्या वाटा बहुधा बाजाराच्या वाटांवरूनच गेलेल्या असतात. पायथ्याची कसब्यांची रांग आणि वरची खेड्यांची रांग या दोहोंमध्ये असा एक अखंड व्यवहार होता, आणि त्या व्यवहारावर नजर ठेवणारी दोन स्थाने डोंगराच्या कडेवरच उभी होती: पूर्वेस गावीलगड आणि पश्चिमेस, अकोटच्या माथ्यावर, नरनाळा.

इतिहासकार फेरिस्त्याच्या वृत्तान्तानुसार बहमनी सुलतान अहमदशहा वली याने इ. स. १४२५ च्या सुमारास एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपुरास, मुक्काम ठेवून गावीलगड बांधविला आणि नरनाळ्याची डागडुजी केली. माळवा आणि खानदेश यांच्या बाजूने येणाऱ्या स्वाऱ्यांना अडविण्यासाठी ही व्यवस्था होती. त्याच शतकाच्या अखेरीस वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्ला इमादुल्मुल्क याने, म्हणजे विजयनगरच्या बाजूने लहानपणी कैद होऊन आलेल्या आणि पुढे एलिचपुरात इमादशाही स्थापन करणाऱ्या त्या कर्तबगार पुरुषाने, दोन्ही किल्ल्यांना नवे वैभव आणले. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा हा इ. स. १४८७ मधील असून त्याच्या नाजूक कोरीवकामाची आणि फारसी शिलालेखांची बरोबरी वऱ्हाडात क्वचितच कोठे आढळेल. गावीलगडाच्या शार्दूल दरवाजावर हत्तींना पंजात धरणारे वाघ आणि दोन मुखांचा गंडभेरुंड कोरलेला आहे, तो पाहताना दक्षिणेतील शिल्पपरंपरा सातपुड्याच्या माथ्यापर्यंत कशी पोहोचली याचे प्रत्यंतर येते. नरनाळ्यावरील तलाव, त्यांना जोडणारे दगडी पाट आणि जाफराबाद व तेलियागड हे त्याचे दोन जोडकिल्ले यांवरून तेथे केवळ मूठभर शिबंदीच राहत नसून एक नगरच नांदत होते, हे स्पष्ट होते.

या दोन किल्ल्यांचे खरे महत्त्व युद्धापेक्षा महसुलात दिसून येते. इ. स. १५७४ च्या सुमारास अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने इमादशाही बुडविली, तेव्हा शेवटचा झगडा झाला तो याच दोन किल्ल्यांवर. आणि पुढे इ. स. १५९६ मध्ये चांदबिबीने वऱ्हाड अकबरास देऊन टाकल्यावर मोगलांनी सुभ्याची जी वाटणी केली, तिच्यात एका सरकाराचे नाव गावील आणि दुसऱ्याचे नरनाळा असे होते. अकोट, अकोला, बाळापूर हे सपाटीवरचे संपन्न परगणे कागदोपत्री नरनाळा सरकारात मोडत. म्हणजे पायथ्याचा शेतकरी ज्या नावाखाली आपला सारा भरी, ते नाव डोंगरमाथ्याचे होते. आज अकोल्याच्या जिल्हा कचेरीतून नरनाळ्याकडे पाहणाऱ्यास तो दूरचा, उजाड, सहलीचा किल्ला वाटतो. त्या काळी दृष्टी उलट दिशेने चाले, आणि गडावरून पाहिले असता अकोला हे हाताखालच्या महालांपैकी एक ठरे. गडावरील वस्तीला लाकूड, गवत, दूध आणि वाटाड्ये हे सभोवारच्या कोरकू-गवळ्यांच्या खेड्यांवाचून मिळणे शक्य नव्हते. म्हणून ती खेडी राज्याच्या सीमेवर नसून त्याच्या उंबरठ्याच्या आतच होती, असे म्हणणे प्राप्त होते.

या व्यवस्थेवर मर्मघाव बसला तो इ. स. १८०३ च्या हिवाळ्यात, आणि त्या घटनेचा आरंभ हिवरखेडच्या शेजारीच झाला. त्या वर्षी २३ सप्टेंबरला असईच्या रणांगणावर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला होता. ऑक्टोबरात कर्नल स्टीव्हन्सनने असीरगड घेतला होता. आणि आता, हे किल्ले तेव्हा ज्यांच्या ताब्यात होते त्या नागपूरकर रघूजी भोसले यांचे बंधू व्यंकोजी आपली पायदळे, तोफा आणि शिंद्यांच्या घोडदळाचा काही भाग घेऊन सातपुड्याच्या पायथ्याशी उभे होते. दि. २९ नोव्हेंबर रोजी दुपार टळल्यावर, सिरसोली आणि अडगाव यांच्या दरम्यानच्या उघड्या मैदानावर दोन्ही फौजांची गाठ पडली. स्टीव्हन्सन प्रकृती अत्यंत बिघडलेली असल्याने हत्तीवर बसून आपल्या तुकडीचे आधिपत्य करीत होता. मराठ्यांच्या तोफांचा पहिला भडिमार इतका अचूक झाला, की असईस न डगमगलेल्या इंग्रजांच्या काही पलटणी येथे फुटून मागे पळू लागल्या; वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्यांना सावरले, ओळीत उभे केले आणि पुन्हा चालविले. भोसल्यांच्या सेवेतील अरबांची एक तुकडी गोऱ्या पलटणींवर तुटून पडली आणि जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढून नष्ट झाली. संध्याकाळी मराठा फौजेची फळी मोडली. ३८ तोफा मागे राहिल्या. आणि चांदणे असेतोवर इंग्रजांच्या घोडदळाने पाठलाग चालू ठेवला. मोडलेल्या पायदळातील पुष्कळांनी जो मार्ग धरला, तो गावीलगडाकडे जाणारा होता. संकटात सापडलेले वऱ्हाड आश्रयासाठी डोंगराकडेच पाहत असे, याचे हे अखेरचे मोठे उदाहरण.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंग्रजांची छावणी एलिचपुरास पडली आणि तेथे जखमींची व्यवस्था लावून गडाच्या वेढ्याची मसलत सुरू झाली. दक्षिणेकडून गडावर जाणारी वाट उभ्या कड्याची. तेथून तोफा नेणे अशक्य. गडाची दुबळी बाजू एकच, उत्तरेची, लाबाडा नावाच्या डोंगरी खेड्याच्या अंगाची. परंतु तेथे पोहोचावयाचे तर सबंध डोंगर ओलांडून गडाच्या पाठीशी जावे लागणार होते. वेलस्ली दक्षिणेकडून गडावर दबाव ठेवून राहिला आणि स्टीव्हन्सन दि. ७ डिसेंबरला धामणगावच्या बाजूने डोंगरात शिरला. पुढचे दिवस वऱ्हाडच्या इतिहासात अपूर्व म्हटले पाहिजेत. सुमारे तीस मैलांची ती वाट; तिच्यावर गाडी कधी चाललेली नव्हती; जेथे बैल हतबल होत तेथे सैनिक दोर खांद्यावर घेत, झाडे तोडीत, दगड फोडीत, आधी रस्ता घडवीत आणि मग त्याच रस्त्यावरून किल्लेफोडीच्या जड तोफा हातांनी ओढून नेत. दि. १२ डिसेंबरला ही फौज लाबाड्यापाशी आली. वेलस्लीने आपल्या खलित्यात या परिश्रमांची मनापासून स्तुती केली आहे, आणि ती अनाठायी नाही.

दि. १३ ला मोर्चे सुरू झाले, दि. १४ च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या दोन तटांना खिंडारे पडली, आणि दि. १५ डिसेंबरला सकाळी हल्ला झाला. बाहेरचे तट घेतल्यावर असे दिसून आले, की आतला गड खोल दरीने अलग झालेला आहे आणि त्याच्या तटाला खिंडार नाही. तेव्हा कॅप्टन कॅम्बेलच्या हाताखालील एका तुकडीने शिड्या लावून तो तट ओलांडला आणि आतून दरवाजा उघडला. गडाचा किल्लेदार बेनीसिंग हा राजपूत शेवटपर्यंत लढला. त्याचे प्रेत दरवाजाजवळ पडलेल्या प्रेतांच्या राशीत सापडले. गडावरील काही राजपूत स्त्रियांनी मृत्यू जवळ केला. बेनीसिंगाने धन्याची नोकरी प्राण देऊन पुरी केली, आणि वऱ्हाडाने त्याचे स्मरण जितके ठेवावयास हवे होते तितके ठेवले नाही, ही खंत येथे नोंदविल्यावाचून राहवत नाही.

गड पडल्याच्या तिसऱ्या दिवशी, म्हणजे १७ डिसेंबरला, भोसल्यांशी देवगावचा तहनामा झाला आणि त्याच महिनाअखेरीस शिंद्यांशी सुर्जी अंजनगावचा तह झाला. हिंदुस्थानच्या नकाशावर दूरगामी परिणाम करणारे हे दोन्ही तह याच रांगेच्या पायथ्याशी लिहिले गेले. देवगावच्या तहातील एक कलम आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलके आहे. वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनी सोडून दिला, परंतु नरनाळा आणि गावीलगड हे किल्ले त्यांच्याकडे राहिले, आणि त्यांच्याबरोबर पायथ्याचे अकोट, अडगाव इत्यादी चार लक्ष रुपये उत्पन्नाचे परगणेही राहिले. तह करणाऱ्या दोन्ही पक्षांना हे उमगले होते, की पायथ्यावाचून गड उपाशी मरतो आणि गडावाचून पायथा निराधार होतो. एकाची वाटणी दुसऱ्यास सोडून करता येत नाही. डोंगर आणि मैदान हे एकच शरीर आहे, ही जाणीव राज्यकर्त्यांच्या कागदात इतक्या स्वच्छपणे यानंतर पुन्हा उमटलेली मला आढळली नाही.

इ. स. १८२२ च्या तहाने हे किल्ले आणि परगणे निजामाकडे गेले, आणि १८५३ मध्ये कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. पाचच वर्षांनी, सत्तावन्नच्या उठावाची धग नर्मदेच्या दक्षिणेस येऊ पाहत असताना, तात्या टोपे सातपुड्यात उतरून गावीलगड बळकावील या भीतीने १८५८ मध्ये इंग्रजांनी गडाची मोडतोड केली. जो गड शत्रूपासून राखावयाचा तोच गड आता शत्रूच्या उपयोगी पडेल म्हणून नासविण्यात आला, आणि डोंगरमाथ्यावरून मैदानाकडे पाहणारी चार शतकांची सत्ता त्या सुरुंगांच्या आवाजात संपली. यापुढे आज्ञा खालून वर जावयाची होती.

तरीही नव्या राज्यकर्त्यांना डोंगराचे दोन उपयोग दिसत होते. पहिला उपयोग हवेचा. हैदराबाद कंटिंजंटमधील कॅप्टन रॉबिन्सन याने १८२३ मध्ये चिखलदऱ्याचे पठार 'शोधून काढले', असे इंग्रजी ग्रंथ लिहितात. गावीलगड तेथून हाकेच्या अंतरावर असून त्यावर चारशे वर्षे राबता होता, आणि कीचकाच्या वधाची कथा सांगत लोक त्या दरीला पूजीत आले होते. तेव्हा ते पठार कोणास अज्ञात होते, हा प्रश्न मनात उभा राहतो. कालांतराने तेथे बंगले उठले, कॉफीची लागवड झाली, आणि वऱ्हाडच्या अधिकाऱ्यांचे उन्हाळी ठाणे म्हणून चिखलदरा नावारूपास आला. शेजारच्या कोरकू खेड्यांना या थंड हवेच्या गावाने ओझी वाहण्याचे आणि गवत कापण्याचे काम दिले. याहून अधिक काही दिल्याचे दिसत नाही.

दुसरा उपयोग लाकडाचा, आणि तोच निर्णायक ठरला. १८६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कपाशीला सोन्याचे मोल आले. त्याच दशकात मुंबईकडून निघालेली आगगाडी वऱ्हाडात येऊन पोहोचली. सपाटीवर पडीक जमीन राहिली नाही. गायराने नांगराखाली गेली. आणि घरांना, गाड्यांना, गिरण्यांना लागणाऱ्या सागवानासाठी सर्वांची दृष्टी मेळघाटाकडे वळली. १८६६ पासून तेथील उत्तम अरण्ये राखीव करण्यास आरंभ झाला आणि १८८६ च्या वऱ्हाड जंगल कायद्याने या बंदोबस्तास पक्के रूप दिले. अरण्यांचे वर्ग पडले: इमारती लाकडाचे निराळे, गवताच्या रमण्यांचे निराळे, गुरचराईचे निराळे. मेळघाटाचा फार मोठा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक वर्गात गेला.

अरण्याचे रक्षण व्हावयास हवे होते, यात शंका नाही. कपाशीच्या त्या तेजीत डोंगर मोकळा राहिला असता तर आज तेथे खडकच शिल्लक राहिले असते. परंतु या बंदोबस्ताने कोरकूंच्या जीवनाची मांडणी मुळापासून बदलली. डोंगरउतारावरील झाडोरा तोडून, जाळून, त्या राखेत दोन-तीन वर्षे कुटकी-कोदो पेरावयाची आणि मग ती जागा अरण्यास परत द्यावयाची, ही त्यांची दह्याची शेती बंद झाली. जंगलखात्याला तोडीसाठी, वणव्याच्या रेषा साफ करण्यासाठी, रस्त्यांसाठी हुकमी मजूर हवे होते. त्यासाठी वनग्रामे वसविण्यात आली, आणि तेथे राहणाऱ्या कुटुंबाचा जमिनीवरील हक्क हा खात्याच्या मर्जीवर व खात्याच्या कामावर अवलंबून राहिला. पिढ्यान्पिढ्या वहिवाटीने राहणारा मनुष्य आपल्याच गावात परवान्याने राहू लागला. याच सुमारास पायथ्याच्या गावात जमाबंदी होऊन शेतकऱ्याच्या नावे सातबाराची पूर्वपीठिका तयार होत होती, त्याची जमीन तारण राहू शकत होती, विकली जाऊ शकत होती, वारसाला मिळू शकत होती. एकाच सरकारने, एकाच पिढीत, दहा-पंधरा कोसांच्या अंतराने दोन प्रकारची प्रजा निर्माण केली, आणि मेळघाट जर कोणत्या एका क्षणी दूर गेला असेल, तर तो येथे गेला असे माझे मत आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी त्या भेदाची किंमत वसूल केली. १८९१ आणि १९०१ या दोन शिरगणतींच्या दरम्यान मेळघाट तालुक्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

स्वातंत्र्यानंतर एकदा असे वाटले, की ही दुरी आता संपणार. खांडवा आणि हिंगोली यांना जोडणाऱ्या मीटरगेज लोहमार्गाचे काम हाती घेण्यात आले आणि अकोला, अकोट, अडगाव, हिवरखेड या मार्गाने गाडी डोंगरात शिरली. हिवरखेड सोडल्यावर वान रोड, पुढे धूळघाट, डाबका, तुकईथड अशी स्थानके. आणि धूळघाटापाशी चढ इतका तीव्र, की अभियंत्यांनी तेथे लोहमार्गाला एक पूर्ण वेढा देऊन त्याला त्याच्याच वरून नेले. गाडी ज्या पुलाखालून जाई, त्याच पुलावरून काही वेळाने पुढे सरकताना प्रवाशांना आपण आलेली वाट पायाखाली दिसे. लोक त्या जागेला चारचा आकडा म्हणत. जयपूरपासून दक्षिणेकडे धावणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच वळणाने सातपुडा ओलांडीत असे. देशाच्या दृष्टीने हा उत्तर-दक्षिण जोडणारा दुवा होता. मेळघाटच्या दृष्टीने तो त्याहून पुष्कळ मोठा होता. वान रोड किंवा डाबक्याच्या फलाटावर चढलेला कोरकू मनुष्य त्याच दिवशी हिवरखेड-अकोटच्या बाजारात मोह विकून, मीठमिरची घेऊन परतू शकत होता. कपाशीच्या वेचणीला, गव्हाच्या सोंगणीला मजुरांच्या टोळ्या या गाडीने उतरत. आजाऱ्याला दवाखान्यात आणण्याचे तेच एक स्वस्त वाहन होते. तीन मजलांचा डोंगर तीन तासांवर आला.

पण त्याच काळात त्या अरण्याकडे पाहण्याची देशाची दृष्टीही बदलत होती. वाघाचा वंश नष्ट होण्याच्या मार्गावर आहे हे कळून चुकल्यावर १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्पाची योजना सुरू झाली. तिच्यात निवडलेल्या देशातील पहिल्या नऊ अरण्यांत मेळघाटाचा समावेश झाला आणि १९७४ मध्ये महाराष्ट्रातील पहिला व्याघ्रप्रकल्प येथे सिद्ध झाला. पुढे गुगामल राष्ट्रीय उद्यान झाले. १९९७ मध्ये नरनाळा, वान आणि अंबाबरवा ही अभयारण्ये झाली. जे अरण्य पूर्वी इंग्रजांच्या लाकडासाठी राखले होते, ते आता अधिक उदात्त हेतूने राखले जाऊ लागले, आणि तापी-पूर्णेच्या खोऱ्यांना पाणी पुरविणाऱ्या या डोंगराचे हिरवेपण टिकले, हे त्या धोरणाचे निर्विवाद पुण्य आहे. परंतु १९९३ मध्ये कुपोषणाने होणाऱ्या बालमृत्यूंची वार्ता जेव्हा मेळघाटातून बाहेर आली, तेव्हा महाराष्ट्राला प्रथमच जाणवले, की वाघाची जितक्या काळजीने गणती होते तितक्या काळजीने त्याच्या शेजारी राहणाऱ्या मुलांची होत नव्हती.

मग गावेच खाली आणण्याचा विचार पुढे आला. चालू शतकाच्या आरंभी बोरी, कोहा आणि कुंड ही गावे प्रथम हलविण्यात आली. २००८ पासून कुटुंबामागे दहा लाख रुपयांची केंद्राची योजना आल्यावर अमोना, बारूखेडा, नागरतास, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी अशी एकामागून एक गावे अकोट आणि तेल्हारा तालुक्यांच्या सपाटीवर उतरली. काहींना रस्ता, वीज आणि शाळा जवळ आल्याचा आनंद झाला. पुष्कळांना मात्र रोख रक्कम लवकर संपल्याचे, मनासारखी शेतजमीन न मिळाल्याचे, आणि खालच्या उष्ण हवेत आजार वाढल्याचे दुःख झाले. ती खदखद वाढत जाऊन जानेवारी २०१९ मध्ये पुनर्वसित गावांतील काही कुटुंबे आपल्या जुन्या गावठाणांकडे परत गेली. तेथे त्यांची आणि वनखाते-पोलिसांची चकमक झाली आणि दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. ज्या डोंगरात १८०३ मध्ये पराभूत फौजा आश्रयासाठी वर गेल्या, त्याच डोंगरात दोनशे पंधरा वर्षांनी शासनाने वसविलेली माणसे निराश होऊन वर गेली, ही गोष्ट वऱ्हाडच्या इतिहासकाराला दुर्लक्षिता येणार नाही.

दरम्यान आगगाडीही थांबली होती. रुंदीकरणासाठी १ जानेवारी २०१७ पासून हा मीटरगेज मार्ग बंद करण्यात आला. अकोला ते अकोट हा भाग रुंद होऊन त्यावर २०२२ मध्ये गाडी धावू लागली. पण अकोटच्या पुढे प्रश्न उभा राहिला, की व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यातून रुंद मार्ग आणि वेगवान गाड्या न्याव्यात काय. वन्यजीवांच्या अभ्यासकांनी विरोध केला, आणि अखेर मेळघाटाला वळसा घालून अडगाव, हिवरखेड, सोनाळा, जामोद या बाजूने तुकईथडला जाणाऱ्या पर्यायी मार्गाचा स्वीकार झाला. या निर्णयाने वाघाचा संचारमार्ग वाचेल आणि पायथ्याच्या पुष्कळ गावांना प्रथमच आगगाडी मिळेल. तो योग्यच आहे, असे मी मानतो. परंतु धूळघाट, वान रोड, डाबका येथील माणसांच्या हिशेबी त्याचा अर्थ इतकाच, की जो एक दुवा त्यांना खालच्या जगाशी जोडीत होता तो गेला, आणि त्याच्या बदली काय, याचे उत्तर कोणत्याही आराखड्यात ठळकपणे लिहिलेले नाही.

येथवरच्या वृत्तान्तातून एक गोष्ट स्पष्ट होते. किल्ला पाडणे, अरण्य राखणे, दह्या बंद करणे, उद्यान करणे, गाव उठविणे, लोहमार्ग वळविणे, या प्रत्येक निर्णयास त्या त्या वेळी कारण होते, आणि काही कारणे अत्यंत सबळ होती. तथापि प्रत्येक निर्णयाचा लाभ सपाटीला किंवा देशाला झाला आणि प्रत्येकाने डोंगरातील खेड्याचा एक धागा तोडला. अशा धाग्यांची बेरीज म्हणजे आजची दुर्गमता. आणि जे निर्णयांनी घडले ते निर्णयांनी सुधारताही येते, याचे दाखले समोर आहेत. डॉ. रवींद्र आणि स्मिता कोल्हे यांनी गेल्या शतकाच्या नवव्या दशकापासून बैरागडसारख्या गावी राहून वैद्यकीय सेवा केली, तेव्हा त्या गावाचे दवाखान्यापासूनचे अंतर एका दांपत्याच्या निश्चयाने नाहीसे झाले. अचलपूर तालुक्यातील पायविहीर या गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, आणि उजाड झालेली टेकडी त्या लोकांनी स्वतःच्या श्रमाने आणि स्वतःच्या नियमांनी पुन्हा हिरवी केली. १८८६ च्या कायद्याने जो हक्क काढून घेतला, तो २००६ च्या वनहक्क कायद्याने परत देता येतो आणि त्याने अरण्याचे वाटोळे होत नाही, हे पायविहीरने सिद्ध केले आहे.

म्हणून पायथ्याच्या वऱ्हाडावर एक जुने देणे आहे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. अकोट-तेल्हाऱ्याच्या शिवारात आज जी पुनर्वसित गावे उभी आहेत, त्यांतील माणसे या मुलखात उपरी नाहीत. नरनाळा सरकारच्या काळापासून ती याच मुलखाची रहिवासी आहेत, आणि ज्या बाजारात ती आज बिचकत उभी राहतात त्या बाजाराला त्यांच्या पूर्वजांनी मध, मोह आणि बांबू पुरविला आहे. त्यांना कबूल केलेली जमीन मोजून मिळावी. त्यांच्या मुलांना पहिल्या दोन इयत्तांत तरी कोरकू जाणणारा शिक्षक मिळावा. वर राहिलेल्या गावांना, गेलेल्या आगगाडीच्या बदली, बारमाही चालणारी बस आणि रात्री-अपरात्री येणारी रुग्णवाहिका मिळावी. आणि नवा लोहमार्ग हिवरखेडला पोहोचेल तेव्हा त्या स्थानकापर्यंत डोंगरातून उतरणारा एक चांगला रस्ता त्याच आराखड्यात धरलेला असावा. १८०३ मध्ये तोफांसाठी तीस मैलांचा रस्ता पाच-सहा दिवसांत डोंगरातून काढता आला. माणसांसाठी तो काढावयास आपल्याला दोनशे वर्षे अपुरी पडली, ही गोष्ट या प्रांताने यापुढे सहन करू नये.